गो-वेंट-गॉन आणि जाणे-गेला : एका पाठांतराचा इतिहास

मराठी शाळेत शिकलेल्या कोणत्याही प्रौढ माणसापुढे 'गो' हा शब्द उच्चारावा; 'वेंट, गॉन' हे पुढचे दोन शब्द त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडतील. शाळा सोडून चाळीस वर्षे लोटलेली असोत, इंग्रजीशी संबंध केवळ औषधाच्या बाटलीवरील अक्षरांपुरता उरलेला असो. ही तिपेडी रूपे मात्र स्मरणातून जात नाहीत. पाढ्यांप्रमाणेच ती सुरात पाठ केलेली असतात. 'सिंग-सँग-संग', 'ड्रिंक-ड्रँक-ड्रंक' अशी लय धरून वर्ग चालत राही आणि 'कट-कट-कट', 'पुट-पुट-पुट' या रूपांपाशी आला की मुलांना हसू आवरत नसे.

हे हसू सर्वांच्या वाट्याला आले असे मात्र नाही. क्रियापदाला 'इड' जोडला की भूतकाळ होतो, हा नियम मुलाने नुकता कुठे आत्मसात केलेला असतो. 'प्ले'चे 'प्लेड', 'वॉक'चे 'वॉक्ड' त्याला साधलेले असते. त्याच आत्मविश्वासाने तो 'गोड' किंवा 'ईटेड' लिहितो आणि वहीवर लाल फुली उमटते. नियम पाळला म्हणून चूक ठरावी, हा अनुभव बालमनाला चक्रावून टाकणारा असतो. 'असे का?' या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळते : 'ते तसेच आहे, पाठ करा.' ज्यांना पाठ झाले ते पुढे सरकले. ज्यांना झाले नाही, त्यांतील कित्येकांनी इंग्रजी हा विषयच आपल्यासाठी नाही असे मानले आणि दहावीच्या उंबरठ्यावरून ते परत फिरले. हे आम्ही आमच्या धर्मसेवेच्या काळात गावोगावी पाहिले आहे.

'ते तसेच आहे' हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ते तसे का आहे, याला दीड-दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात इंग्लंड जितके आहे, तितकेच आपले घरही आहे.

पूर्णेच्या काठी

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरी हे गाव महाराष्ट्राला धरणामुळे ठाऊक आहे. गोदावरीला मिळणाऱ्या पूर्णा नदीवरील हे धरण १९६८ साली पुरे झाले. पायथ्याशी साडेबावीस मेगावॅट क्षमतेचे वीजगृह उभे राहिले आणि खालच्या अंगाला सिद्धेश्वरचा बांध झाला. एका पिढीने शिवारे पाण्याखाली जाताना पाहिली, तर दुसरीने कालव्याचे पाणी शेतात येताना पाहिले. जमीन गेलेल्या घरांत 'आता पोरांचे शिक्षण हीच शेती' असे म्हणण्याची रीत पडली. अशा घरातील मुलगा इंग्रजीच्या एका यादीपाशी अडतो, तेव्हा घरातील सर्वांचीच वाट अडते.

या भागाचा शिक्षणाचा इतिहासही आगळा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. घरची भाषा मराठी आणि सरकारी शाळेची भाषा उर्दू, असा तो काळ होता. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणासाठी उर्दू माध्यम स्वीकारले. इंग्रजी हा विषय मात्र अनिवार्य ठेवला. मराठीतून शिकवण्यासाठी हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी अशा संस्थांना झगडावे लागले. म्हणजे परभणीकडच्या त्या पिढीतील विद्यार्थ्याला इंग्रजी ही तिसरी भाषा होती. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. १९५८ साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. पुढे जून २००० पासून राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. ही यादी आता मुलाच्या आयुष्यात लवकर येते. तिचे स्पष्टीकरण मात्र अजूनही यायचे आहे.

दोन प्रकारची क्रियापदे

इसवी सनाच्या पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन, ज्यूट या जर्मानिक टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये उतरल्या. त्यांच्या बोलींतून पुढे इंग्रजी घडली. या बोलींत क्रियापदाचा भूतकाळ दोन रीतींनी होत असे. पहिल्या रीतीत शब्दाच्या पोटातील स्वर बदले : सिंग-सँग-संग, राइज-रोझ-रिझन. दुसऱ्या रीतीत स्वर तसाच राहून शेवटी 'ड' किंवा 'ट' ध्वनी येई. परीकथांच्या संग्रहासाठी आपल्या मुलांना माहीत असलेल्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिम हा मोठा भाषाशास्त्रज्ञ होता. १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या जर्मन व्याकरणात त्याने पहिल्या प्रकाराला 'सबळ' आणि दुसऱ्याला 'दुर्बळ' क्रियापदे अशी नावे दिली. पहिल्या प्रकारातील शब्द आपल्या अंगच्या बळावर भूतकाळ दाखवतो. दुसऱ्याला बाहेरून टेकू लागतो, असा त्या नावांमागचा भाव होता.

म्हणजे आज ज्यांना आपण 'अनियमित' म्हणतो, त्यांतील पुष्कळशी क्रियापदे एके काळी पूर्ण नियमबद्ध होती. त्यांचे सात वर्ग होते आणि प्रत्येक वर्गाची स्वर बदलण्याची रीत ठरलेली होती. 'ड्रिंक', 'सिंक', 'स्विम', 'बिगिन' ही अजूनही एकाच सुरात चालतात, ती त्या जुन्या नियमाची खूण होय. नियम विरला, पण त्याने घडवलेली रूपे मागे राहिली. उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरले की बुडालेल्या बांधांच्या रेषा उघड्या पडतात; हे शब्दही तसेच आहेत.

दुसऱ्या रीतीतील 'ड' कोठून आला, याविषयीही विद्वानांनी विचार केला आहे. तो 'डू' म्हणजे 'करणे' या क्रियापदाच्या भूतकाळी रूपाचा अवशेष असावा, असे मत बहुमान्य आहे. 'प्लेड' म्हणजे मुळात 'खेळ केला' अशी ती रचना. हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. मराठीत बाहेरून नवी क्रिया आली की आपण काय करतो? 'फोन केला', 'टाइप केले', 'डाउनलोड केले' असे म्हणतो. परक्या शब्दाला 'करणे'ची जोड देऊन घरात घेण्याची ही रीत पुरातन जर्मानिक लोकांनाही सुचली होती.

धर्माबरोबर आलेले शब्द

५९७ साली परमगुरू महान ग्रेगरी यांनी पाठवलेले संत ऑगस्टीन आणि त्यांचे सहकारी मठवासी केंट प्रांतात पोहोचले. त्यांच्यामागोमाग लॅटिन भाषा त्या बेटावर नव्याने रुजली. पुढे १०६६ साली नॉर्मन राजा विल्यम याने इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालये व मठ यांतून फ्रेंच शब्दांचा ओघ सुरू झाला. प्रार्थना करणे, उपदेश करणे, क्षमा करणे, पापे कबूल करणे, बाप्तिस्मा देणे या अर्थांचे 'प्रे', 'प्रीच', 'पार्डन', 'कन्फेस', 'बॅप्टाइझ' हे शब्द याच मार्गाने आले. हे सारे 'इड' लावून चालतात. बाहेरून आलेल्या क्रियापदांनी बहुधा सोपी रीत स्वीकारली. 'कॅच-कॉट' यासारखे अपवाद आहेत, पण ते मोजके.

या दृष्टीने पवित्र मिस्साविधीकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने ज्या कृती केल्या, त्या इंग्रजीत कोणत्या क्रियापदांनी सांगितल्या जातात? भाकर घेणे, मोडणे, देणे, बोलणे, खाणे, पिणे : टेक, ब्रेक, गिव्ह, से, ईट, ड्रिंक. ही सहाही अनियमित आहेत. हातातोंडाशी जडलेल्या, रोजच्या जगण्यातील क्रिया त्या. त्यांना शब्द हवे होते तेव्हा लोकांनी ते घरातूनच काढले. उलट त्या भोजनाचे विवेचन करण्यासाठी धर्मपंडितांनी वापरलेली लॅटिन क्रियापदे सर्व नियमित आहेत.

प्रेषितांच्या विश्वासांगीकारातही असेच दिसते. त्याच्या इंग्रजी पाठात प्रभूचा गर्भसंभव, दुःखसहन, क्रूसावरील खिळणे, मरण, दफन, अवरोहण, स्वर्गारोहण हे सांगणारी क्रियापदे नियमित आहेत. अनियमित आहेत ती प्रामुख्याने दोन : जन्मासाठी 'बॉर्न' आणि पुनरुत्थानासाठी 'रोझ'. सोसणे आणि मरणे सर्वांच्या वाट्याचे, तर कुमारीच्या उदरी जन्म आणि कबरेतून उठणे नियमाबाहेरचे, असे एखाद्या उपदेशकाने म्हटले तर ऐकणाऱ्यांना गोड वाटेल. भाषेच्या इतिहासाला असा काही हेतू नसतो, हे आम्ही जाणतो. तरी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना हा मेळ दाखवून पाहावा. ती दोन रूपे ते पुन्हा विसरणार नाहीत.

एक इंग्रज विद्यार्थी आपल्या भाषेच्या शाळेत

आपण इंग्रजी क्रियापदांपाशी अडखळतो. चारशे वर्षांपूर्वी एक इंग्रज आपल्या क्रियापदांपाशी बसला होता. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातले. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक धर्म पाळणे संकटाचे झाले होते, त्या दिवसांत ते रोमला गेले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. १५७९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी लिस्बन सोडले व ऑक्टोबरमध्ये ते गोव्यास पोहोचले. सासष्टीच्या गावांत त्यांची जवळजवळ चाळीस वर्षे सेवेत गेली. १६१६ साली राशोल येथे छापलेले त्यांचे 'क्रिस्तपुराण' ही मराठी ख्रिस्ती साहित्याची पायाभूत कृती होय. दहा हजारांहून अधिक ओव्या रचण्याइतकी मराठी या परदेशी माणसाने आपलीशी केली.

त्यासाठी त्यांना काय शिकावे लागले असेल, याची कल्पना करून पाहावी. इंग्रजीत 'वेंट' हे एकच रूप सर्वांना पुरते. आपल्याकडे तो गेला, ती गेली, ते गेले, त्या गेल्या, मी गेलो, तू गेलीस. पुन्हा 'मी आंबा खाल्ला' पण 'मी भाकरी खाल्ली' : खाणारा तोच, तरी क्रियापद खाद्याच्या मागे जाते. फादर स्टीफन्स यांनी ही घडण अभ्यासली, नोंदली आणि गोव्याच्या लोकभाषेचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहून ठेवले. त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, १६४० साली, फादर दियोगो रिबेरो यांनी भर घातलेले ते व्याकरण राशोललाच प्रसिद्ध झाले. भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांत ते अगदी आरंभीचे आहे. एका इंग्रज माणसाने आपल्या बोलीच्या क्रियापदांची कोष्टके मांडली, हे आमच्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. कोष्टके पाठ करण्याचे कष्ट केवळ आपल्याच वाट्याला आलेले नाहीत.

याच फादर स्टीफन्स यांनी १५८३ साली आपल्या भावाला एक पत्र पाठवले. येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते, असे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदवले. ते पत्र विसाव्या शतकापर्यंत अप्रकाशित राहिले. म्हणून या शोधाचा मान दोनशे वर्षांनंतर, १७८६ साली, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीसमोर व्याख्यान देणाऱ्या सर विल्यम जोन्स यांच्याकडे गेला. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचे साम्य सांगताना जोन्स यांनी क्रियापदांच्या धातूंवर विशेष बोट ठेवले होते. जर्मानिक भाषाही त्याच कुळातल्या असाव्यात, हेही त्यांनी सुचवले. इंग्रजी आणि मराठी यांचे दूरचे नाते येथे प्रथम दृष्टिपथात आले.

आमच्या घरातील 'वेंट'

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 'गो'चे 'वेंट' का होते? 'वेंट' हे मुळात 'वेंड' या निराळ्या क्रियापदाचे रूप आहे; वाट धरणे, वळणे असा त्याचा अर्थ. 'गो'चे स्वतःचे जुने भूतकाळी रूप मागे पडले आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास त्या रिकाम्या जागी 'वेंट' स्थिरावले. दोन धातूंनी मिळून एक संसार थाटला.

मराठी मूल यावर हसते. परंतु त्याच्याच तोंडात 'जाणे' आणि 'गेला' असतात! 'जाणे' हे संस्कृत 'या' धातूपासून आले आणि 'गेला' हे 'गम्' धातूच्या 'गत' या रूपापासून. म्हणजे हाही दोन धातूंचाच संसार. 'येणे' आणि 'आला' यांचेही तसेच. 'आला'च्या मुळाशी 'आगत' आहे. 'होणे' हे 'भू'पासून, तर 'झाला' हे 'जात' म्हणजे 'जन्मलेला' या रूपापासून. 'करणे'चे 'करला' न होता 'केला' होते, कारण त्याच्या मागे 'कृत' उभे आहे. 'मरणे'चे 'मेला' होते, कारण तेथे 'मृत' आहे. घेतला, म्हटला, सांगितले, खाल्ले, प्याला, दिला : शोधू लागलो तर यादी लांबत जाईल.

ही यादी आपण कधी पाठ केली नाही. बोलू लागलेले तीन वर्षांचे मूल 'मी करलं' म्हणते, आई हसून 'केलं' म्हणते, आणि काही महिन्यांत ते रूप बसते. इंग्लंडमधील त्याच वयाचे मूल 'गोड' म्हणते आणि त्याची आईही तशीच हसते. नियम सापडला की तो सर्वत्र लावून पाहणे ही बुद्धीची खूण आहे. शाळेतील मुलाने 'ईटेड' लिहिले, तर त्याला नियम कळला आहे, हे शिक्षकाने आधी मान्य करावे आणि मग 'एट' सांगावे.

पोटातील स्वर बदलण्याची रीतही आपल्याकडे आहेच. मरणे-मारणे, पडणे-पाडणे, गळणे-गाळणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे. इंग्रजीत याच धर्तीवर 'सिट' म्हणजे बसणे तर 'सेट' म्हणजे बसवणे, 'राइज' म्हणजे उठणे तर 'रेझ' म्हणजे उठवणे. ज्याला 'पडला' आणि 'पाडला' यांतील भेद शिकवावा लागत नाही, त्याला 'सिंग-सँग' यात अघटित असे काही वाटू नये.

नाते याहूनही जवळचे आहे. इंग्रजी 'कम' आणि संस्कृत 'गम्' हे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत; म्हणून 'कम' हा आपल्या 'आला'चा चुलतभाऊच. 'बेअर-बॉर्न' आणि 'भृ', 'नो' आणि 'ज्ञा', 'स्टँड' आणि 'स्था', 'सिट' आणि 'सद्', 'ईट' आणि 'अद्', 'डू' आणि 'धा' या जोड्या तशाच. सर्वांत अनियमित मानले जाणारे 'बी' हे क्रियापद तर तीन धातूंचे मिळून झाले आहे : 'बी'मध्ये 'भू', 'इज'मध्ये 'अस्' आणि 'वॉज'मध्ये 'वस्'. हा 'वस्' म्हणजे आपल्या 'वस्ती'तला धातू. शब्द देहधारी होऊन माणसांत राहिला, हे सांगताना संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या मराठी भाषांतरात 'वस्ती' येते, तेव्हा इंग्रजीतील 'वॉज'चा भाऊबंदच तेथे उभा असतो.

व्याकरणाचे मराठी गुरू

१८०५ साली विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण इंग्रजीत प्रसिद्ध केले. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आले. इंग्रजी व्याकरणाचा आराखडा पुढे ठेवून त्यांनी मराठीची तपासणी केली. मराठीचे पाणिनी म्हणून त्यांचा गौरव झाला. १९११ साली मोरो केशव दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून हे काम पुढे नेले. इंग्रजी शिकण्यासाठी घरोघरी पोहोचली ती मात्र 'तर्खडकर भाषांतर पाठमाला'. मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी, पुन्हा उलट, अशी तिची शिस्त होती. अनेक पिढ्या तिच्यावर वाढल्या.

या पद्धतीला आज जुनाट म्हणतात आणि तिच्यात उणिवा होत्याच; तिने बोलायला शिकवले नाही. पण तिच्यापाशी एक गोष्ट होती, जी आज हरवत चालली आहे. मराठी ही तिची पहिली पायरी होती. 'गेला होता' म्हणजे काय हे मुलाला ठाऊक आहे, असे ती गृहीत धरत असे आणि मग 'हॅड गॉन'कडे जात असे. आज तालुक्यातालुक्यांत इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या आहेत. वडील कर्ज काढून शुल्क भरतात. मुलाला ना मराठीचे व्याकरण नीट मिळते, ना घरात इंग्रजी बोलणारे कोणी असते. 'वाघिणीचे दूध' पाजायचे म्हणून आईचे दूध तोडावे, असा हा प्रकार आहे. आम्ही इंग्रजीच्या विरुद्ध नाही. आम्ही स्वतः सेमिनरीत धर्मशास्त्र इंग्रजीतून शिकलो आणि त्या भाषेचे आमच्यावर ऋण आहे. परंतु तिच्या दारापर्यंत आम्हाला मराठीने नेले, हेही तितकेच खरे.

नित्याचे ते टिकते

शेवटी एक अलीकडचे संशोधन सांगतो. २००७ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात इंग्रजी क्रियापदांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदे घेतली आणि त्यांचे पुढे काय झाले ते पाहिले. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतील १४५ अनियमित उरली होती आणि आजच्या इंग्रजीत ९८. उरलेल्यांनी 'इड'ची वाट धरली. कोणती बदलली आणि कोणती टिकली? जी क्वचित वापरात होती ती बदलली. जी रोज तोंडी होती ती टिकली. एखादे क्रियापद दुसऱ्याच्या तुलनेत शंभरपट कमी वापरले जात असेल, तर ते दहापट वेगाने नियमित होते, असे गणित त्यांनी मांडले. इंग्रजीतील सर्वाधिक वापराची दहाही क्रियापदे आज अनियमितच आहेत.

याचे एक उदाहरण पवित्र मरियेच्या स्तोत्रात सापडते. 'हेल्प' या क्रियापदाचे जुने रूप 'होल्पन' असे होते. १६११ साली इंग्लंडमध्ये राजा जेम्सच्या आज्ञेने झालेल्या बायबलच्या भाषांतरात, लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील मरियेच्या स्तोत्रात, ते अजून वाचायला मिळते. लोकव्यवहारातून ते गेले आणि 'हेल्प्ड' आले. 'वर्क'चे 'रॉट' हे रूपही असेच मागे पडले. घडीव लोखंडाच्या नावात तेवढे ते राहिले आहे.

यातून विद्यार्थ्यांनी घ्यायचा धडा व्यवहाराचा आहे. अनियमित क्रियापदांची यादी लांबलचक दिसली तरी तिच्यातील रोजची पंचवीस-तीस क्रियापदे आधी घ्यावीत. भाषेचे बहुतेक काम तीच करतात. ती नुसती रांगेने न घोकता सारख्या चालीची एकत्र करावीत : सिंग-रिंग-ड्रिंक-स्विम एका गटात, स्पीक-ब्रेक-स्टील दुसऱ्यात, कट-पुट-शट तिसऱ्यात. आणि प्रत्येक गटाला मराठीतील जोड शोधून द्यावी. सुट्टीतील धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर अर्धा तास यासाठी काढता येईल. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षक आणि महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली आहेत. त्यांना हे काम सहज करता येईल. येलदरीसारख्या ठिकाणी, जेथे खासगी शिकवणीचा खर्च झेपत नाही, तेथे या अर्ध्या तासाने एखाद्या मुलीचे दहावीचे वर्ष वाचू शकेल.

पालकांसाठी धडा निराळा आहे. भाषेत जे रोज वापरले जाते तेच आपल्या मूळ रूपात टिकते, हे जर खरे, तर आपल्या कुटुंबांत मराठीचे काय होणार आहे? आमच्या पाहण्यातील अनेक घरांत संध्याकाळची जपमाळ मुलांच्या सोयीसाठी म्हणून इंग्रजीत होऊ लागली आहे. आजीला ती येत नाही म्हणून आजी गप्प बसते. मुलांना इंग्रजी येते, पण प्रार्थनेतील शब्दांचा अर्थ पोहोचत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आपणा सर्वांना आनंद आहे. परंतु ज्या भाषेत फादर स्टीफन्स यांनी प्रभूचे चरित्र गायिले, ती आपल्या घरात टिकायची असेल, तर शासनाचा दर्जा पुरणार नाही. ती जेवताना, रागावताना, प्रार्थना करताना तोंडी असली पाहिजे.

म्हणून आम्ही कुटुंबांना एवढेच सुचवतो. मुलाला इंग्रजी अवश्य शिकवा आणि चांगली शिकवा. तो 'गो-वेंट-गॉन' पाठ करीत बसला असेल, तेव्हा त्याच्याजवळ बसून 'जाणे'चे 'गेला' का होते, हे त्याला विचारा. उत्तर तुम्हालाही येत नसेल तर या लेखातून सांगा. आणि रात्रीची जपमाळ आजीला म्हणता येईल त्या भाषेत होऊ द्या.